सैनिक गावी परततो तेव्हा

आमच्या घरी माळ्यावर एक काळी लोखंडी पेटी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने मोठ्या बाबांचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले आहे. सतरा वर्षे ही पेटी सुटीपुरती फुलचूरला येत असे आणि पुन्हा गोंदियाच्या स्टेशनावरून गाडीत चढत असे. एके वर्षी ती आली ती कायमचीच. आजोबा आजारी होते, धानाच्या बांध्यांकडे बघणारे कोणी नव्हते. म्हणून मोठे बाबा स्वतः अर्ज करून नाईक या हुद्द्यावरून सैन्यातून मोकळे झाले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे सदतीस.

गावाने त्यांचा सत्कार केला, नारळ आणि शाल दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना 'पेन्शनर' म्हणायला सुरुवात केली. पेन्शनर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साठीचा, काठी टेकीत बँकेत जाणारा मनुष्य येतो. सदतीस वर्षांच्या माणसाला, ज्याची मुलगी तेव्हा सातवीत होती, पेन्शनर म्हणावे याचे मला फार नवल वाटले. या नवलातूनच प्रस्तुत लेखाचा विषय मला सुचला.

सैनिक इतक्या लवकर निवृत्त का होतो? सैन्याला तरुण माणसे हवी असतात, हे त्याचे साधे उत्तर. शिपायाला पेन्शन मिळण्यासाठी किमान पंधरा वर्षांची सेवा लागते, आणि हुद्दा वाढला नाही तर साधारण चाळिशीच्या आतच त्याला गणवेश उतरवावा लागतो. असे सुमारे साठ हजार लोक आपल्या देशात दरवर्षी सैन्यदलांतून बाहेर पडतात. शिक्षक किंवा कारकून ज्या वयात संसाराची घडी बसवीत असतो, त्या वयात सैनिकाला दुसरे आयुष्य सुरू करावे लागते.

"पेन्शन आहे ना, मग काय कमी?" असे लोक सहज म्हणतात. पण पेन्शन ही शेवटच्या वेतनाच्या निम्मी असते. शिवाय सैनिकाला आपल्या मूळ पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. बहुतेक जण तसे करतात. कारण घर पडायला आलेले असते किंवा बहिणीचे लग्न व्हायचे असते. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. म्हणजे मूळ पेन्शन शंभर रुपये असेल, तर पंधरा वर्षे हातात पन्नासच पडतात. महागाईची वाढ पूर्ण पेन्शनवर मिळते, एवढाच दिलासा. ही पंधरा वर्षे म्हणजे नेमकी मुलांच्या शिक्षणाची वर्षे! तेव्हा नोकरी ही सैनिकाची हौस नसून गरज आहे.

आता मी माझी एक चूक सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरातले आणि शेजारचे सगळे अर्ज माझ्याकडे येतात. केंद्र सरकारच्या एका खात्यात जागा निघाल्या, तेव्हा मोठ्या बाबांचा अर्ज मीच भरला. जातीचा रकाना भरला, जन्मतारीख भरली. 'माजी सैनिक' असा एक वेगळा रकाना होता, तो मी कोराच ठेवला. मला वाटले, माणूस एकाच प्रवर्गात बसू शकतो. अनुभवाच्या जागी एकच शब्द लिहिला : 'ड्रायव्हर'. अर्ज बाद झाला. कारण दिले होते, वयोमर्यादा ओलांडली. मोठे बाबा मला काहीच बोलले नाहीत. "काऊन गा, एवढा उदास झालास?" असे उलट त्यांनीच मला विचारले. पण मला त्या रात्री झोप आली नाही.

त्यानंतर मी नियम वाचायला बसलो, आणि माझ्या ध्यानात आले की आपल्याकडे सवलती कमी नाहीत. त्या माणसापर्यंत पोचण्याची वाट मात्र अरुंद आहे.

पहिली गोष्ट वयाची. केंद्र सरकारच्या गट 'क' च्या जागांसाठी माजी सैनिकाच्या वयातून त्याची लष्करी सेवा वजा केली जाते, आणि उरलेले वय मर्यादेपेक्षा तीन वर्षांनी अधिक असले तरी चालते. सदतीसातून सतरा गेले, उरले वीस. कायद्याच्या हिशेबी मोठे बाबा वीस वर्षांचे होते, जवळजवळ माझ्याच वयाचे! आणि मी त्यांना म्हातारे ठरवून बसलो होतो.

दुसरी गोष्ट राखीव जागांची. केंद्राच्या गट 'क' मध्ये माजी सैनिकांसाठी दहा टक्के, सरकारी बँका व सार्वजनिक उपक्रमांत याच गटात साडेचौदा टक्के (यात अपंग सैनिक व वीरगती प्राप्त झालेल्यांचे आश्रित यांचे साडेचार टक्के धरलेले आहेत), आणि आपल्या महाराष्ट्र शासनाच्या सेवेत पंधरा टक्के जागा ठेवलेल्या आहेत. हे आरक्षण 'समांतर' असते. जातीच्या प्रवर्गांना आपण उभ्या भिंती मानल्या, तर माजी सैनिकांचे आरक्षण ही त्या सर्व भिंतींना छेदून जाणारी आडवी रेघ होय. मनुष्य आपल्या प्रवर्गात राहूनच माजी सैनिक असतो. म्हणून दोन्ही रकाने भरायचे असतात. एक रकाना कोरा राहिला की सतरा वर्षांची सेवा कागदावरून पुसली जाते.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. दहावी झालेल्या किंवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या, आणि किमान पंधरा वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला पदवी आवश्यक असलेल्या गट 'क' च्या अनेक पदांसाठी पात्र धरतात. जिथे तांत्रिक ज्ञान लागते ती पदे यातून वगळलेली आहेत.

चौथी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. राखीव जागेचा लाभ घेऊन सैनिक एकदा सरकारी नोकरीत रुजू झाला, की पुढच्या सरकारी नोकरीसाठी त्याचा हा हक्क सामान्यतः संपतो. मात्र रुजू होण्यापूर्वीच जिथे जिथे अर्ज केले असतील त्यांची यादी त्याने लिहून दिली, तर त्या अर्जांपुरता हक्क टिकतो. खाजगी नोकरीने तो जात नाही. घाईने मिळेल ती पहिली सरकारी जागा पत्करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या कामासाठी संस्थाही आहेत. दिल्लीला संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय आहे; ते सैनिकाला निवृत्तीपूर्वीच निरनिराळे अभ्यासक्रम शिकण्याची सोय करते. पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग असून त्याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. निवृत्त झाल्यावर डिस्चार्ज बुक घेऊन तेथे नाव नोंदवणे आणि ओळखपत्र काढणे हे पहिले काम. निवृत्तीला वर्ष उरले असतानाच सैनिकाला नागरी जागांसाठी अर्ज करता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना गणवेश सोडवत नाही, त्यांच्यासाठी संरक्षण सुरक्षा कोअर आहे. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सुरक्षारक्षकांच्या जागा मिळवून देते.

पण बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असलेला माजी सैनिक पाहिला की मनात येते, त्याला एवढेच येत होते काय? मोठे बाबा केवळ गाडी चालवीत नव्हते. डोंगरातील रस्त्यावर रात्री गाड्यांचा ताफा नेणे, प्रत्येक गाडीची वही ठेवणे, तेल आणि सुट्या भागांचा हिशेब, नव्या पोरांना शिकवणे, एवढे सारे ते करीत. आणि मी लिहिले 'ड्रायव्हर'! सैन्यातील कामाला नागरी जगातील नाव शोधून देणे हे खरे भाषांतराचे काम आहे, आणि ते सैनिकाला कोणी शिकवीत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तलाव खोदीत होते, तेथे ते रोखपाल झाले. १९०१ च्या सुमारास त्यांना भेटायला निघालेल्या त्यांच्या मुलांची गाडी हाकायला गाडीवान तयार होईना. मुलांनीच ती हाकली. सैन्याने दिलेल्या शिक्षणाने सुभेदारांना नागरी जगात काम मिळवून दिले. पण सैन्यातील मान वेशीच्या आत आला नाही. सैनिकाचे पुनर्वसन नोकरीपाशी संपत नाही, हे यावरून कळते.

जिद्दीची उदाहरणेही आहेत. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळविले आणि पुण्याला टेल्कोत नोकरीही केली. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत पाणी अडविण्याचे काम हाती घेतले. परंतु प्रत्येक सैनिक असा असामान्य असावा, अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. सामान्य सैनिकालाही सामान्य नोकरी मिळाली पाहिजे.

२०२२ पासून या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. अग्निपथ योजनेत भरती होणाऱ्या अग्निवीराची सेवा चार वर्षांची. त्यातील २५ टक्क्यांपर्यंत सैन्यात कायम होतील. बाकीचे सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, आणि २०२२ च्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत दहा टक्के जागा त्यांच्यासाठी त्याच वर्षी जाहीर झाल्या. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस व २०२७ च्या आरंभी पुरी होतात. माझ्याबरोबर शाळेत असलेला एक मित्र अग्निवीर आहे. तो परत येईल तेव्हा बावीस वर्षांचा असेल. मोठ्या बाबांजवळ निदान निम्मी पेन्शन होती. त्याच्याजवळ काय असेल? एक रक्कम, एक प्रमाणपत्र आणि अंगातली शिस्त. त्या शिस्तीला काम मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

आपण विद्यार्थी काय करू शकतो? फार नाही, पण आपल्या गावातील परतलेल्या सैनिकाचा अर्ज नियम वाचून, दोन्ही रकाने भरून, अनुभव पूर्ण लिहून आपण नक्कीच भरू शकतो.

मोठे बाबा सध्या गोंदियातील एका राइस मिलमध्ये ट्रकांची व्यवस्था पाहतात. मध्यंतरी मी त्यांचा दुसरा अर्ज भरला. या वेळी अनुभवाच्या रकान्यात जागा पुरली नाही. ते परीक्षेला बसले आणि चार गुणांनी हुकले. आता तिसरीची तयारी चालू आहे. रात्री जेवणानंतर आम्ही दोघे एकाच दिव्याखाली बसतो. मी त्यांना गणित समजावून देतो, आणि पहाटे पाच वाजता ते मला उठवतात.