जामीन मंजूर, तरी माणूस येरवड्यातच : नावावर सातबारा नसलेल्यांनी काय करायचं?

भूगाव (ता. मुळशी) : कोर्टानं जामीन दिला की माणूस दुसऱ्या दिवशी घरी येतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जामिनाचा आदेश होऊनही कित्येक जण आठवडेच्या आठवडे आतच बसून राहतात. कारण आदेशात एक ओळ असते : अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा सक्षम जामीनदार. सक्षम म्हणजे ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा माणूस. सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप किंवा तहसीलचा ऐपतीचा दाखला, यातलं काही तरी त्याला कोर्टापुढे ठेवावं लागतं.

भूगावसारख्या गावात याचा अर्थ लगेच कळतो. पौड रस्त्याच्या या पट्ट्यात एकीकडे पिढ्यानपिढ्या जमीन असलेली घरं आहेत. दुसरीकडे सेंट्रिंग, गवंडीकाम, हॉटेल, सोसायटीची वॉचमनकी अशा कामांसाठी मराठवाडा, विदर्भ, बिहार, यूपीतून आलेली आणि भाड्याच्या खोलीत राहणारी माणसं आहेत. समजा, या दोघांपैकी एकेका तरुणाचं भांडण झालं. गुन्हा दोघांवर, कलम एकच, जामीनही एकाच दिवशी मंजूर. गावातल्याचा चुलता सातबारा घेऊन कोर्टात हजर होतो आणि पोरगा दोन दिवसांत बाहेर येतो. दुसऱ्याचा चुलता असतो नांदेडला. त्याच्याकडे दीड एकर कोरडवाहू, तीही सामाईक. फोनवर तो एवढंच म्हणतो, "वकिलाला विचारून बघा." गुन्हा सारखा, पण एकाचा कागद जवळ आणि दुसऱ्याचा लांब.

चारपैकी तीन जणांचा निकालच लागलेला नाही

तुरुंगात आहे म्हणजे शिक्षा झाली असेल, असं पारावर सहज बोललं जातं. आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कारागृहांमध्ये ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि त्यातले सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातले ७५ हून जास्त. यांचा खटला चालू आहे किंवा अजून उभाच राहिलेला नाही. कायद्याच्या नजरेत ते निर्दोषच आहेत. महाराष्ट्रात अशा कच्च्या कैद्यांची संख्या ३३ हजारांच्या घरात होती. जात-प्रवर्गाप्रमाणे पाहिलं तर देशातल्या कच्च्या कैद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी समाजातले आहेत.

येरवडा मध्यवर्ती कारागृह १८७१ सालचं. १९३२ चा पुणे करार जिथे झाला तेच हे ठिकाण. त्याची मान्य क्षमता अडीच हजारांच्या आत आहे आणि गेल्या काही वर्षांत आत सहा हजारांच्या आसपास माणसं राहिली आहेत. जिथे दोघांनी झोपायचं तिथे पाच जण. संडास, पाणी, डॉक्टर या सगळ्यावर तोच ताण.

अमेरिकेतल्या तुरुंगांची जगभर चर्चा होते, कारण तिथे अठरा लाखांवर लोक गजाआड आहेत. लोकसंख्येच्या मानाने भारतात कैदी फार कमी आहेत, लाखामागे चाळीसच्या आसपास. पण तिथले बहुतेक कैदी शिक्षा झालेले असतात. आपल्याकडचा घोळ निराळा आहे. इथे शिक्षा नंतर ठरते, तुरुंग आधी.

कच्च्या कैद्याला सहसा कामही मिळत नाही आणि त्यामुळे मजुरीही नाही. घरचा एक कमावता हात थांबतो. वकिलाची फी, भूगावहून येरवड्याला मुलाकातीसाठी बस बदलत जाणं, बुडालेला रोज, हे सगळं मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर येतं. पुढे शिक्षा झालीच तर आत काढलेले दिवस त्यातून वजा होतात. पण निर्दोष सुटला तर? त्या दिवसांची भरपाई मागण्याचा ठोस हक्क कायद्यात नाही. म्हणून काही जण वेगळाच हिशेब करतात. जेवढी शिक्षा होईल तेवढे दिवस तर आतच गेलेत, मग गुन्हा कबूल करून टाकू, निदान तारखा तरी संपतील. न केलेल्या गुन्ह्याचा डाग असाही लागतो.

आणखी एक गंमत, गावच्या राजकारणात रस असणाऱ्यांसाठी. कच्चा कैदी तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो, पण मत देऊ शकत नाही.

गवंडी मोतीराम आणि हजार रुपये

हा प्रश्न नवा नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याला जामीन मिळाला होता, पण खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी खालच्या कोर्टाला चांगलंच सुनावलं. आपल्याच देशातला माणूस दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून परका कसा ठरतो, हा त्यांचा मुद्दा होता. मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली, तरी नांदेडच्या चुलत्याची अडचण तीच आहे.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं याच विषयावर पुन्हा सूचना दिल्या. घरातलं कुणी आत असेल तर त्या माहीत असायलाच हव्यात. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टानं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं कारागृहात पाठवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करता येईल का, हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका अडत असेल तर तशी अट घालू नये, असंही त्यात सुचवलं आहे.

एक तृतीयांश शिक्षेचा नियम

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४७९ प्रमाणे, ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. बाकीच्यांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं धरली, तर पहिल्यांदाच सापडलेल्याचा हिशेब एका वर्षाचा. असा अर्ज कोर्टाला देण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की १ जुलैच्या आधीच्या गुन्ह्यांनाही हे लागू आहे.

पण बारीक अक्षर वाचायला हवं. जन्मठेप किंवा फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे कलम नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तरीही नाही. यातली दुसरी अट खटकते. दोन किरकोळ चोऱ्यांचे गुन्हे असलेला पोरगा आणि अर्धा डझन खंडणीचे गुन्हे असलेला माणूस, दोघे इथे एकाच रांगेत बसतात.

"सोडा म्हणता, मग आम्ही राहायचं कसं?"

दुसरी बाजूही खरी आहे आणि ती मुळशीला कुणी शिकवायला नको. जमिनीचे भाव वाढले, विकलेल्या जमिनीचा पैसा संपला आणि गावची पोरं टोळ्यांत गेली. ती गोष्ट 'मुळशी पॅटर्न' या २०१८ च्या सिनेमानं सगळ्या महाराष्ट्राला दाखवली. ज्याला जमिनीच्या ताब्यासाठी धमकी आली त्याला, किंवा मार खाल्लेल्या बाईला, आरोपी चार दिवसांत गावच्या चौकात दिसणं म्हणजे काय, हे कलमं वाचून कळत नाही. साक्षीदार फुटतात, तडजोडीचा दबाव येतो. पुण्यात खोटे सातबारे आणि खोटी आधार कार्डं लावून जामीन राहणाऱ्या टोळ्याही पोलिसांनी पकडल्या आहेत. कोर्ट कागद बारकाईनं पाहतं ते उगाच नाही.

फक्त एक गोष्ट नीट पाहावी. ज्यांची खरी भीती आहे त्यांच्यासाठी मोक्कासारखे कायदे आहेत, त्यात जामीन सहजासहजी मिळत नाही. साक्षीदाराला धमकावलं तर मिळालेला जामीन रद्द करून घेता येतो आणि फिर्यादी तसा अर्ज करू शकतो. सातबाऱ्याची अट मात्र टोळीवाल्याला अडवत नाही. त्याच्याकडे कागदही असतो आणि चार जामीनदारही. ती अडवते सेंट्रिंगवाल्याला.

घरच्यांनी करायचं काय?

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच सांगितलं आहे. नोटीस आली तर ठरलेल्या दिवशी हजर राहा. घाबरून गावाला निघून गेलात तर अटकेला तेवढंच कारण मिळतं.

अटक झाली आणि वकील परवडत नसेल तर १५१०० या मोफत नंबरवर फोन करावा किंवा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावं. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. कारागृहातूनही असा अर्ज देता येतो.

तारखा मोजायला विसरू नका. पहिल्या रिमांडपासून ६० दिवसांत, आणि दहा वर्षं किंवा त्याहून जास्त, जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत चार्जशीट आली नाही, तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज चार्जशीट दाखल होण्याआधी द्यावा लागतो. एक दिवस उशीर झाला तर हक्क गेला. केसचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर वकिलाकडून लिहून घ्या. ईकोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि कोर्टाचे आदेश मोबाईलवर दिसतात, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

जामीन झाला पण जामीनदार नाही, अशा वेळी रक्कम कमी करा, रोख भरू द्या किंवा बाहेरच्या जिल्ह्यातला जामीनदार चालवून घ्या, असा अर्ज करता येतो. जामीनपात्र गुन्ह्यात अटक होऊन आठवडा झाला आणि जामीनदार देता आला नाही, तर कायदा त्याला गरीब समजून जातमुचलक्यावर सोडायला सांगतो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या गरीब कैदी योजनेत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची तरतूद झाली. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, दहशतवाद, भ्रष्टाचार असे गुन्हे मात्र त्यात बसत नाहीत.

आता राहिले सातबारावाले. खोलीभाडेकरू किंवा साईटवरचा कामगार "साहेब, जामीन राहता का?" म्हणून दारात येतो, तेव्हा बहुतेक जण जमीन जाईल या भीतीनं नाही म्हणतात. जामीनदाराची जबाबदारी बाँडवर लिहिलेल्या रकमेपुरतीच असते, आरोपीच्या शिक्षेशी तिचा संबंध नाही. आरोपी तारखेला आला नाही तर कोर्ट जामीनदाराला नोटीस काढतं, रक्कम भरायला लावतं. ती वसूल झालीच नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, त्यामुळे हा विषय हलका नाही. आधी किती जणांना जामीन राहिलात, हेही लिहून द्यावं लागतं. पण आरोपीचा भरवसा वाटेनासा झाला तर "मला मोकळं करा" असा अर्ज जामीनदार कधीही देऊ शकतो. मग कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार आणायला सांगतं.