घोड्यावरून पडलेला काउबॉय

कॅलिफोर्नियातील फ्रीमॉन्ट हे शहर मराठी माणसाला ठाऊक असते ते सिलिकॉन व्हॅलीतील नोकऱ्या आणि घरांच्या गगनाला भिडलेल्या किमती यांमुळे. त्याच शहराच्या उत्तरेकडील टेकडीवर ‘नाइल्स’ ही पांढरी अक्षरे दुरूनही दिसतात. नाइल्स हे एकेकाळचे स्वतंत्र गाव. १९५६ साली शेजारची चार गावे आणि ते मिळून फ्रीमॉन्ट झाले. हॉलिवूडचा दबदबा अजून निर्माण व्हायचा होता, त्या काळात अमेरिकी चित्रपटातील पहिला काउबॉय नायक या गावात राहून चित्रपट काढीत होता.

पडद्यावर त्याचे नाव ‘ब्राँको बिली’. मूळ नाव मॅक्स ॲरन्सन. २१ मार्च १८८० रोजी आर्कान्सामधील लिटल रॉक येथे एका ज्यू फिरत्या विक्रेत्याच्या घरी त्याचा जन्म झाला. गुराखी, रांच, लगाम यांपैकी कशाचाही घरात संबंध नव्हता. रंगभूमीच्या ओढीने तो न्यूयॉर्कला गेला आणि गिल्बर्ट अँडरसन झाला.

१९०३ साली एडिसन कंपनीसाठी एडविन पोर्टर ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा जेमतेम बारा मिनिटांचा चित्रपट काढीत होता. घोड्यावर बसता येते का, या प्रश्नाला अँडरसनने बेधडक होकार दिला. चित्रीकरणाच्या जागी पोहोचण्याआधीच घोड्याने त्याला खाली पाडले, असे सांगितले जाते. तरीही काम हातचे गेले नाही. पळताना पाठीत गोळी लागून मरणारा प्रवासी त्याने रंगवला आणि आणखी दोन-तीन किरकोळ भूमिकाही उरकल्या. चित्रपट तुफान चालला, आणि आपले भवितव्य याच धंद्यात आहे हे अँडरसनने ताडले.

१९०७ मध्ये शिकागोत जॉर्ज स्पूर यांच्या भागीदारीत त्याने कंपनी काढली. स्पूरचा ‘एस’ आणि अँडरसनचा ‘ए’ मिळून तिचे नाव पडले ‘एस्सॅने’. त्या काळातील बरेचसे ‘पश्चिमी’ चित्रपट न्यू जर्सीच्या झाडीत चित्रित होत. पडद्यावरची पश्चिम खरी दिसली पाहिजे, हा अँडरसनचा आग्रह. त्यासाठी त्याने आधी कोलोरॅडो आणि मग कॅलिफोर्निया गाठले. १९१२ साली तो नाइल्सला स्थिरावला. दरी, रेल्वेमार्ग, लख्ख ऊन, सारे हाकेच्या अंतरावर होते. कंपनीने तेथे स्टुडिओ उभारला, नटमंडळींसाठी बंगल्या बांधल्या आणि चार वर्षांत साडेतीनशेच्या आसपास चित्रपट काढले.

त्याचे खरे श्रेय मात्र संख्येत नाही. तोवर प्रेक्षक चित्रपट पाहायला जात. अँडरसनमुळे ते एका ठरावीक माणसाला पाहायला जाऊ लागले. त्याची गोष्ट बहुधा एकाच रिळाची, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांची असे. १९१०च्या ‘ब्राँको बिलीज रिडेम्प्शन’मध्ये आजारी बाप-लेकीसाठी अटकेचा धोका पत्करणारा गुन्हेगार दिसतो. हा ‘भला दरोडेखोर’ पुढे वेस्टर्न चित्रपटाचा कणाच झाला. गंमत अशी की कथांमध्ये सातत्य मुळीच नव्हते. बिली एका चित्रपटात दरोडेखोर, तर पुढच्यात शेरीफ असे. एकात मेला, तरी दुसऱ्यात पुन्हा ताठ उभा! प्रेक्षकांची त्याला हरकत नव्हती. त्यांना तो राकट, नाकेला चेहरा हवा होता. देखणेपणात तो बसत नसे, आणि त्यामुळेच बहुधा खरा वाटे.

१९१४च्या अखेरीस एस्सॅनेने चार्ली चॅप्लिनला आणले, आठवड्याला १,२५० डॉलरवर. त्याशिवाय दहा हजार डॉलर एकरकमी देण्याचे अँडरसनने कबूल केले. भागीदार स्पूर मात्र या कबुलीने अस्वस्थ झाला. चॅप्लिन नाइल्सला आला तेव्हा धनाढ्य अँडरसनची ओकीबोकी बंगली पाहून चकित झाला. आत्मचरित्रात त्याने तिचे मुळीच कौतुक केलेले नाही. तरी ‘द ट्रॅम्प’सह त्याचे पाच चित्रपट येथेच झाले. १९१६च्या आरंभी म्युच्युअल कंपनीने आठवड्याला दहा हजार डॉलर आणि वर दीड लाख देऊ केले, आणि चॅप्लिन गेला.

त्याच सुमारास अँडरसननेही आपला हिस्सा विकला. नाइल्सचा स्टुडिओ फेब्रुवारी १९१६ मध्ये बंद पडला. प्रेक्षकांना आता तासाभराचे चित्रपट हवे होते, तर ब्राँको बिलीचा जीव एका रिळात मावणारा. शिवाय विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स या नव्या नायकांनी रिंगण काबीज केले होते. घोडेस्वारीत टॉम मिक्सशी त्याची तुलनाही शक्य नव्हती. पुढे त्याने निर्मितीत हात घातला. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी जोडी म्हणून नावारूपाला येण्याआधी ज्या ‘द लकी डॉग’मध्ये प्रथम एकत्र दिसले, तो त्याचाच. त्यानंतर तो चित्रसृष्टीच्या नजरेआड झाला.

१९५८च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला मानद पुरस्कार देण्यात आला, तेव्हा तो ७८ वर्षांचा झाला होता. १९६५ साली ‘द बाउंटी किलर’ या वेस्टर्नमध्ये क्षणभर तो पुन्हा पडद्यावर दिसला. २० जानेवारी १९७१ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्याचे निधन झाले.

नाइल्सचा स्टुडिओ १९३३ मध्ये पाडला गेला. नटांच्या काही बंगल्या मात्र आजही उभ्या आहेत, आणि त्यांत माणसे राहतात. गावातील जुन्या चित्रपटगृहात आता मूकपटांचे संग्रहालय आहे. तेथे शनिवारी संध्याकाळी पियानोच्या साथीने जुने मूकपट दाखवण्याचा प्रघात आहे. अँडरसनचे बहुसंख्य चित्रपट नष्ट झाले, पण उरलेले त्याच गावात पाहता येतात.