गरोदर स्त्रीचें ताट आणि शेतकऱ्याचा गोठा

शेतकीच्या मासिकांत गरोदर स्त्रीच्या आहाराचा विषय कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. हा विषय घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा, अशीच आमचीही समजूत होती. परंतु जें पाहिलें व वाचलें, त्यावरून आमची खात्री झाली आहे कीं, शेतकऱ्याच्या घरीं गर्भिणीच्या ताटांत जे खरे धोके येतात, त्यांतील बहुतेकांचें मूळ चुलीपाशीं नसून गोठ्यांत, कोठारांत आणि फवारणीच्या पंपापाशीं असतें. आणि हीं ठिकाणें बहुधा पुरुषांच्या ताब्यांतील आहेत. सबब हा लेख त्यांच्याकरितां आहे.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. धाकट्या सूनबाईंस दुसरा महिना चालू होता. दिवस गेल्याचें कळण्यापूर्वीं त्यांनीं पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. हें समजतांच घरांत कुजबूज सुरू झाली. पपई उष्ण, तीळ उष्ण, शेवगा उष्ण, अशी यादी वाढत गेली आणि ती पोर भीतीनें चार दिवस धड जेवली नाहीं. त्याच दिवसांत रोज सकाळीं एक पेला धारोष्ण दूध आम्हीं मोठ्या कौतुकानें त्यांस देववीत होतों. तें दूध ज्या गाईचें, तिनें थोड्याच महिन्यांपूर्वीं सातव्या महिन्यांत गाभ टाकला होता. पपईच्या दोन फोडींचा हिशोब सर्वांनीं ठेवला. गाईच्या टाकलेल्या गाभाचा हिशोब कोणीं ठेवला नाहीं, आम्हींही नाहीं. पुढें पशुवैद्य सहज दुसऱ्या कामास आले असतां हा प्रकार उघडकीस आला.

आतां या भीतींत खरें किती व खोटें किती तें पाहूं. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत गर्भाचे मुख्य अवयव घडतात. मेंदू व कणा ज्या नळीपासून होतात, ती नळी सुमारें २८ दिवसांतच मिटते. म्हणजे पुष्कळ वेळां दिवस गेल्याचें कळण्यापूर्वींच. म्हणून आरंभींच्या काळांत जपणें योग्यच आहे. परंतु कशास जपावें हें कळलें पाहिजे. कच्च्या पपईच्या चिकानें उंदरांच्या गर्भाशयाचें आकुंचन होतें असें प्रयोगांत दिसलें आहे, म्हणून कच्ची व अर्धवट पिकलेली पपई टाळावी हें ठीक. पूर्ण पिकलेल्या पपईनें तसें झालें नाहीं. तीळ, गूळ किंवा शेवगा नेहमींच्या जेवणाइतका खाल्ल्यानें गर्भ जातो, यास आधार नाहीं. उलट मळमळ व वांत्या यांनीं आधींच कमी झालेल्या आहारांतून हे पदार्थ काढून घेतले, तर तिच्या पोटीं काय राहिलें?

आणखी एक गोष्ट घरांतील वडिलांनीं नीट ध्यानांत घ्यावी. दिवस गेल्याचें कळल्यावरही शंभरांत सुमारें १० ते १५ गर्भ टिकत नाहींत. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकीं सुमारें निम्म्यांत दोष गर्भाच्या मूळ बीजांतच, म्हणजे गुणसूत्रांत असतो. अशा वेळीं “तूं अमुक खाल्लेंस म्हणून झालें” असें सुनेस म्हणणें हें अज्ञान तर आहेच, परंतु तो अन्यायही आहे.

आतां खऱ्या धोक्यांकडे वळूं. पहिला धोका कच्च्या दुधाचा. गाई, म्हशी व शेळ्या यांस सांसर्गिक गर्भपाताचा रोग होतो, त्यास ब्रुसेलोसिस म्हणतात. याचे जंतू डेव्हिड ब्रूस यांनीं १८८७ सालीं माल्टा बेटांत शोधले. १९०५ सालीं तेथेंच झॅमिट यांस ते शेळ्यांत आढळले आणि शेळीचें कच्चें दूध बंद करतांच तेथील सैनिकांतील ताप झपाट्यानें उतरला. दूध दिसण्यास निर्मळ असतें, जनावर धडधाकट दिसतें, तरी जंतू दुधांतून येतात. माणसास चढउताराचा ताप, घाम व सांधेदुखी होते. गर्भिणीस झाल्यास गर्भपाताचें भय असतें. उपाय अगदीं सोपा आहे: दूध चांगलें उकळी फुटेपर्यंत तापवावें. दही, ताक, लोणी हीं तापविलेल्या दुधाचींच असावींत. धारोष्ण दुधाचा मोह कायमचा सोडावा.

ज्या जनावरानें गाभ टाकला त्याचा गाभ, वार व खालीं पडलेला स्राव यांत जंतू अतिशय असतात. तें काम घरच्या गर्भिणीकडे कधींही देऊं नये. पुरुषांनींही उघड्या हातानें करूं नये. हातमोजे घालून सर्व खोल खड्ड्यांत चुन्यासह पुरावें, कुत्र्यांस ओढूं देऊं नये आणि पशुवैद्याकडून जनावराच्या रक्ताची तपासणी करवावी. या रोगाची लस ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींस व पारड्यांस आयुष्यांत एकदांच टोंचतात. केंद्र सरकारनें २०१९ सालीं सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत तिचा समावेश आहे. कालवड त्या वयाची झाली कीं तिची नोंद करून ठेवावी. तो काळ एकदां टळला म्हणजे टळला.

दुसरा धोका कच्च्या खताचा व न धुतलेल्या भाजीचा. १९८१ सालीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया व आसपासच्या प्रांतांत लिस्टेरिया नांवाच्या जंतूची सांथ झाली. ४१ रोग्यांपैकीं ३४ प्रकार गर्भिणी व नवजात मुलांचे होते. शोध करतां करतां मूळ सांपडलें तें एका शेतकऱ्याच्या कोबींत. त्याच्या दोन मेंढ्या त्याच रोगानें मेल्या होत्या. त्या कळपाचें खत, कांहीं कुजलेलें व कांहीं कच्चें, त्यानें कोबीस घातलें होतें, आणि तो कोबी हिवाळाभर थंड कोठींत ठेवून पुढें कोशिंबिरीकरितां विकला गेला. हा जंतू थंडींतही वाढतो, म्हणून शीतकपाटांत ठेवलेला पदार्थ निर्धोक असें समजूं नये. कच्च्या खाण्याच्या पिकांस पूर्ण कुजलेलेंच खत घालावें. गर्भिणीकरितां भाजी वाहत्या पाण्यांत नीट धुवावी व शक्यतों शिजवूनच द्यावी. शिळें अन्न देणें झाल्यास वाफ येईपर्यंत पुन्हा तापवावें. मांजरांच्या विष्ठेनें दूषित झालेल्या मातींतून व अर्धकच्च्या मांसांतून टोक्सोप्लाझ्मा नांवाचा दुसरा रोग येतो. त्यासही हेच उपाय, आणि मटण पूर्ण शिजविणें.

तिसरा धोका बुरशीचा. १९७४ सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेकडील बांसवाडा, पंचमहाल या भागांत ओल लागून बुरसलेला मका खाल्ल्यानें यकृताचा रोग होऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. त्या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें भाजल्यानें वा शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं आणि नाळेवाटे गर्भापर्यंत पोहोंचतें. भुईमुगाची शेंग हलविली असतां दाणा खुळखुळेपर्यंत, म्हणजे ओलावा सुमारें ८ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावी. धान्य १२ टक्क्यांपर्यंत. काळे, सुरकुतलेले व कडवट दाणे निवडून टाकावे. ते जनावरांसही घालूं नयेत, कारण बुरसलेल्या पेंडीचें विष दुधांत उतरतें आणि तेथें उकळीचाही उपयोग नाहीं.

चवथा धोका विषारी औषधांचा. इराकांत १९७१-७२ सालीं पाऱ्याचें औषध लावलेलें गव्हाचें व जवाचें बियाणें कित्येक ठिकाणीं पेरणीचा हंगाम उलटल्यावर पोंचलें. पोत्यांवरील सूचना परकी भाषेंत होत्या. लोकांनीं धान्य धुतलें, तांबडा रंग गेला, विष गेलें असें वाटलें, आणि भाकरी केल्या. ६,५३० लोक रुग्णालयांत दाखल झाले व त्यांतील ४५९ मेले. ज्या गर्भिणींस स्वतःस फारसा त्रास झाला नाहीं, त्यांच्याही कांहीं मुलांचे मेंदू जन्मतःच अधू निघाले. आजचीं बियाण्याचीं औषधें निराळीं आहेत. पण रंग धुतल्यानें विष धुतलें जात नाहीं, हा धडा जुना झालेला नाहीं. उरलेलें रंगीत बियाणें दळणांत जाऊं देऊं नये. औषधाचा रिकामा डबा तेलास वा पाण्यास वापरूं नये. धान्यांतील विषारी धुरीच्या गोळ्या राहत्या घरांत कदापि ठेवूं नयेत. फवारणी व तोडणी यांमध्यें डब्यावर लिहिलेले दिवस घरच्या भाजीसही पाळावे. फवारणीचे कपडे गर्भिणीस धुवावयास देऊं नयेत व नुकत्याच फवारलेल्या शेतांत तिला खुरपणीस पाठवूं नये.

आहाराविषयीं करावयाचें तें इतकेंच: थोडें थोडें, वरचेवर, ताजें व शिजलेलें अन्न; आणि आरोग्य केंद्रांतील गोळ्या. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एक, आणि चवथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह असलेली गोळी १८० दिवस. फॉलिक आम्लाची गोळी गर्भ राहण्यापूर्वींपासून घेतल्यास उत्तम, कारण ती नळी मिटण्यास थांबत नाहीं. ताप आल्यास डॉक्टरांस गोठ्यांतील गाभ टाकल्याची हकीगत अवश्य सांगावी. ती त्यांस विचारल्यावांचून कळणार नाहीं.

आमच्या गाईच्या रक्तांत रोग निघाला. सूनबाईंचें रक्त तपासलें, तें सुदैवानें निर्मळ होतें, व पुढें त्यांची सुटका सुखरूप झाली. तो पेला आम्हींच त्यांच्या हातीं देववीत होतों, हें मात्र विसरतां येत नाहीं. वाचकांनीं सुनेचें ताट तपासण्यापूर्वीं एकवार आपला गोठा व कोठार तपासावें, एवढीच आमची विनंती आहे.