परसातील मिरची
मुलांनो, पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात आपल्या देशात आणलेली मिरची मूळची अमेरिकेची; तरी आपल्या परसात ती आनंदाने वाढते. मात्र तिला खत हवे ते मुरलेले. ताजे शेण घातल्यास ते कुजताना उष्णता निर्माण होऊन कोवळी मुळे करपतात. म्हणून पालापाचोळा, भाज्यांची साले व शेण खड्ड्यात थरांनी घालावे, ओलावा राखावा आणि मधूनमधून ते खालीवर करावे. काही महिन्यांनी खत काळे व भुसभुशीत होते. त्याला ओल्या मातीचा वास येतो. त्यात चुलीची मूठभर राख मिसळावी. तीमुळे पालाश मिळते. ते मातीत कालवून सुमारे ४० दिवसांची रोपे लावावीत. जो खत मुरेपर्यंत धीर धरतो, त्याच्याच झाडाला मिरच्या लगडतात.