छताचं कापड का सुटतं?

आमच्या शाळेतल्या एका सरांकडे पंधरा वर्षं वापरलेली मोटार आहे. एका उन्हाळ्यात तिच्या छताचं आतलं कापड मागच्या काचेजवळ सुटलं. आधी तळहाताएवढा फुगा दिसायचा. जूनपर्यंत त्याची झोळी झाली, मागे बसणाऱ्याच्या डोक्याला ती लागू लागली आणि समोरच्या आरशातून मागचा रस्ता दिसेना. सरांनी प्रथम टाचण्या लावल्या. मग हार्डवेअरच्या दुकानातून गोंद आणला, सिरिंजने कापडामागे सोडला आणि हाताने दाबून धरला. कापड चिकटलं. आठ दिवसांनी ते गोंदाच्या डागांसकट पुन्हा खाली आलं. दुसरा, महागाचा गोंद आणला. तोही आठवडाभरच टिकला.

‘हल्ली गोंदच चांगला मिळत नाही,’ असं सरांचं मत पडलं. शेवटी गाडी कुशनचं काम करणाऱ्या कारागिराकडे गेली. त्याने सुटलेलं कापड उलटं करून दाखवलं. ‘‘सर, तुमचा गोंद पक्का बसलाय. पण त्याने धरलंय काय ते बघा.’’ कापडामागे पिवळट-तपकिरी भुकटी होती. बोट लावलं की हाताला येत होती.

ही भुकटी कुठून आली, आणि चांगला गोंदही तिच्यापुढे का हरला, हे समजून घेतलं तर दुरुस्ती कशी करायची तेही आपोआप कळतं.

छताचे तीन थर

अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या घडणीच्या गाड्यांत छताचं अस्तर तारेच्या कमानींवर ताणून बसवलेलं असे. ते फाटे, मळे, पण असं सुटून लोंबत नसे. नंतरच्या बहुतेक गाड्यांत रचना वेगळी आहे. पत्र्याच्या खाली, छताच्या आकारात दाबून घडवलेला एक हलका कडक तक्ता असतो. त्याच्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोमचा थर आणि त्यावर आपल्याला दिसणारं विणीचं कापड. कापड आणि फोम कारखान्यातच एकमेकांना जोडलेले असतात. अनेकदा त्यासाठी गोंदही वापरत नाहीत. फोमचा पृष्ठभाग ज्योतीने क्षणभर वितळवतात आणि लगेच त्यावर कापड दाबतात. या जोडकापडाची फोमची बाजू मग तक्त्याला चिकटवली जाते.

म्हणजे कापड तक्त्याला थेट चिकटलेलं नसतं, त्याला फोमने धरून ठेवलेलं असतं. फोम कशासाठी? तक्त्याचा खडबडीतपणा झाकला जावा, हाताला मऊ लागावं आणि आवाज थोडा शोषला जावा म्हणून. पण या तीन थरांत सर्वांत अल्पायुषी थरही तोच.

फळ्यावरचा प्रयोग

हा मुद्दा वर्गात दोन मिनिटांत दाखवता येतो. चिकटपट्टीचे सारख्या लांबीचे दोन तुकडे घ्या. एक तुकडा ओल्या फडक्याने पुसून वाळवलेल्या फळ्यावर चिकटवा. दुसरा खडूची भरपूर धूळ असलेल्या जागी चिकटवा. दोन्हींची टोकं धरून हळूहळू ओढा. पहिला तुकडा जोर लावल्याशिवाय निघत नाही, दुसरा सहज हाती येतो.

आता मुलांना विचारा : दुसऱ्या पट्टीचा गोंद खराब होता का? पट्टीची चिकट बाजू पाहायला सांगा. तिच्यावर खडूचा पांढरा थर घट्ट बसलेला दिसेल. गोंदाने आपलं काम केलं आहे, त्याने खडू पकडला आहे. पण खडूच्या कणांनी एकमेकांना किंवा फळ्याला धरलेलं नाही. साखळी जशी तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी तुटते, तसा जोडही सर्वांत दुबळ्या थरात सुटतो.

सरांच्या गाडीत हेच झालं होतं. कोणताही जोड सुटला की म्हणून पहिला प्रश्न हा : तो कोणत्या थरात सुटला? सुटलेल्या दोन्ही बाजू पाहिल्या की उत्तर मिळतं. एक बाजू स्वच्छ आणि दुसरीवर सगळा गोंद, असं असेल तर गोंद पृष्ठभागाला नीट लागलेलाच नव्हता. दोन्ही बाजूंना गोंद असेल तर गोंदच मधून फाटला, बहुधा उष्णतेने मऊ होऊन. आणि दोन्ही बाजूंना फोमची भुकटी असेल, तर फोम गेला.

फोमचं पीठ कसं होतं?

हा फोम पॉलियुरेथेन नावाच्या बहुवारिकाचा असतो. या पदार्थांचा शोध ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत १९३७ साली लावला. दोन द्रव्यांची एकमेकांशी क्रिया होऊन त्याच्या लांबच लांब साखळ्या बनतात. मिश्रणात थोडं पाणीही घालतात. पाण्याची एका द्रव्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि भाकरी फुगावी तसं मिश्रण फुगून फोम तयार होतो. फोम बनवायला मदत करणारं हेच पाणी पुढे त्याचा नाश करतं.

अनेक फोमच्या साखळीत ईस्टर बंध असतात. दहावीच्या वर्गात आपण शिकवतो की आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने ईस्टर आणि पाणी तयार होतात. ही क्रिया उलट दिशेनेही होऊ शकते : ईस्टरला पाणी मिळालं की बंध तुटून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल मिळतात. हे जलीय विच्छेदन. फोमला हे पाणी हवेतल्या बाष्पातून मिळतं, आणि त्याच्या असंख्य पातळ भिंतींमुळे बाष्पाला शिरकाव करायला भरपूर जागा असते. एकेका बंधाबरोबर साखळ्या आखूड होत जातात. साखळ्या लांब होत्या तोवर फोम ताणला जायचा, दाबला तर पुन्हा वर यायचा. त्या आखूड झाल्यावर तो आधी चिकट होतो आणि मग दाबताच चुरा होतो.

यात आणखी एक गोम आहे. बंध तुटल्यावर जे आम्ल तयार होतं, ते पुढचे बंध तुटण्याचा वेग वाढवतं. म्हणून कित्येक वर्षं फोम ठीक दिसतो आणि मग एका मोसमातच सगळं छत खाली येतं.

काही फोममध्ये ईस्टरऐवजी ईथर बंध असतात. ते पाण्याला बरेच दाद देत नाहीत, पण प्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापुढे टिकत नाहीत. दोन्ही प्रकारांना उष्णता मारक ठरते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की अनेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा २० अंशांहूनही जास्त तापू शकते आणि पत्र्यालगतचं छत त्याहूनही तापतं. कोकणातली दमट हवा आणि विदर्भातलं ऊन, दोन्ही या फोमचे शत्रूच.

हीच क्रिया आपण इतरत्रही पाहिलेली असते. दोन-चार वर्षं कपाटात नीट ठेवलेले बूट पावसाळ्यात काढावेत आणि चालता चालता त्यांच्या तळव्याचे तुकडे पडावेत, हा अनुभव अनेकांना आला असेल. तिथेही बहुधा ईस्टर बंध असलेलं पॉलियुरेथेनच असतं. ध्वनिफितींच्या काही जुन्या रिळांवरचा चुंबकीय थर चिकट होऊन सुटू लागतो, त्यालाही अशीच क्रिया कारण आहे.

टिकणारी दुरुस्ती

आता कारागिराने काय केलं ते पाहू. पायऱ्या साध्या आहेत आणि प्रत्येकीमागे कारण आहे.

आधी त्याने उन्हाच्या झडपा, आतला दिवा, धरायच्या मुठी आणि दारांचं रबर काढून छताचा तक्ता न वाकवता मागच्या दाराने बाहेर घेतला. तक्ता मोडला तर त्याची घडी नव्या कापडावरही उमटते. मग कापड सोलून काढलं आणि तक्त्यावरचा फोम मऊ ब्रशने पूर्ण खरवडला. निम्मा वेळ यातच गेला. फळ्यावरचा प्रयोग आठवला तर हे काम टाळता का येत नाही ते कळेल : भुकटीवर लावलेला गोंद भुकटीलाच धरतो.

जुनं कापड पुन्हा वापरायचा मोह होतो. पण त्याच्यामागे फोम उरलेला नसतो, त्यामुळे तक्त्याचा खडबडीतपणा आणि गोंदाचे डाग वर दिसतात. म्हणून मागे फोम जोडलेलं नवं अस्तराचं कापड घ्यावं.

सुतारकामाचा पांढरा गोंद इथे चालत नाही, कारण तो उष्णतेने मऊ पडतो. सोफ्याच्या कामात वापरतात तसा रबराचा गोंद लागतो, पण जास्त उष्णता सोसणारा. तसा मुद्दाम मागून घ्यावा. लावण्याची पद्धत सायकलच्या पंक्चरसारखी. पंक्चर काढणारा जागा घासतो, सोल्युशन लावतो, ते सुकू देतो आणि मगच ठिगळ दाबतो. इथेही तक्ता आणि फोम, दोन्हींना पातळ थर लावून द्रावक उडून जाऊ द्यायचा. बोटाला गोंद लागत नाही, पण चिकट जाणवतो, अशी वेळ आली की दाबायचं. तेव्हा दोन्ही थरांतले रबराचे लांब रेणू एकमेकांत शिरतात. घाई केली तर द्रावक आत कोंडून राहतो आणि जोड कच्चा राहतो.

कापड बसवताना मध्यापासून कडांकडे जायचं आणि खोलगट जागी आधी तळापर्यंत दाबायचं. खड्ड्यावरून कापड ताणून नेलं तर ताण त्याला सतत तक्त्यापासून दूर ओढतो. मग सगळा जोर जोडाच्या एका अरुंद रेषेवर येतो आणि कापड सोललं जातं. चिकटपट्टीवर हेही पाहता येईल. तिचं टोक वर उचलून ओढा आणि मग दुसरी पट्टी पृष्ठभागालगत, समांतर ओढा. दुसरीला कितीतरी जास्त जोर लागतो, कारण तो जोर तिच्या सगळ्या क्षेत्रफळावर वाटला जातो.

आधी सावधगिरी

नव्या गाड्यांपैकी अनेकींत दारांच्या वर, अस्तराच्या कडेमागे पडद्यासारखी उघडणारी हवेची पिशवी असते. तशी गाडी असेल तर त्या कडेला टाचण्या किंवा गोंद लावू नये आणि छत स्वतः उतरवू नये. ते जाणकारावर सोपवावं. गोंदाचा द्रावक ज्वालाग्राही असतो आणि त्याची वाफ बाधते. म्हणून काम बंद गाडीत नव्हे तर मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावं. खरवडताना नाकातोंडाला फडकं बांधावं आणि डोळे जपावेत. विद्यार्थ्यांकडून हा गोंद हाताळवून घेऊ नये. त्यांच्यासाठी फळा आणि चिकटपट्टी पुरेशी आहे.

सरांच्या गाडीचं छत त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत हललेलं नाही. नवा फोमही कधीतरी जाणारच. गाडी सावलीत उभी केली तर तो दिवस लांबेल, इतकंच. सुटलेल्या जुन्या कापडाचा एक तुकडा मात्र सरांनी प्रयोगशाळेत ठेवून घेतला आहे. ईस्टर शिकवताना ते तो वर्गात फिरवतात आणि मुलांना आधी एवढंच विचारतात : ‘‘सांगा पाहू, यात बिघडलं काय?’’ बहुतेक मुलं म्हणतात, ‘‘गोंद.’’ मग सर फळा पुसायचं फडकं आणि चिकटपट्टी बाहेर काढतात.