शिफारस

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. साताऱ्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तीन परिचारिका मिळून भाड्यानं राहतात. त्यातली एक कास रस्त्यावरच्या एका खेड्यातली. एका संध्याकाळी ती कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "काका, तुम्ही बँकेत साहेब होता, शिवाय पुस्तकं लिहिता. तुमचं इंग्रजी चांगलं असणार." पुस्तकं मी मराठीत लिहितो, हे सांगून काही उपयोग नव्हता. आमच्या हिनं तिला आत बोलावून चहाचं आधण ठेवलंसुद्धा होतं, म्हणजे निकाल माझ्या अपरोक्ष लागलेलाच होता.

तिला इंग्लंडला नोकरीसाठी जायचं होतं. तिकडं परिचारिका म्हणून नोंदणी व्हायची तर इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं. त्यासाठी ती आयईएलटीएस नावाची इंग्रजीची परीक्षा देत होती. १९८९ पासून ही परीक्षा आहे. गुण शून्य ते नऊ. परिचारिकांना लेखनात साडेसहा चालतात. वाचणं, ऐकणं आणि बोलणं यांत मात्र प्रत्येकी सात हवेत. हिला सगळीकडं हवे तेवढे मिळाले होते, फक्त बोलण्यात साडेसहा. अर्ध्या गुणानं गाडी अडली होती, आणि पुन्हा बसायचं म्हणजे पुन्हा भलीमोठी फी. हात आखडता घेऊन साठवलेले पैसे होते ते.

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांत संपते. आधी घर, काम, आवडीनिवडी असे किरकोळ प्रश्न. मग परीक्षक एक कार्ड देतो. त्यावर एक विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे. कागद-पेन्सिल मिळते आणि विचार करायला एक मिनिट. त्यानंतर एक ते दोन मिनिटं एकट्यानं बोलायचं. परीक्षक मान डोलावणार नाही, शब्द पुरवणार नाही. शेवटी त्याच विषयावर जरा खोलात जाऊन चर्चा.

तिच्या वाट्याला मागच्या खेपेला आलेलं कार्ड होतं ते असं : तुमच्या देशात येणाऱ्या पाहुण्याला तुम्ही कोणत्या ठिकाणाची शिफारस कराल? ते कुठं आहे, तिथं काय पाहावं, शिफारस का कराल?

"मग तू काय सांगितलंस?"

"अजिंठा."

क्लासच्या नोट्समध्ये अजिंठा तयार होता. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला आणि त्याला लेणी दिसली, इथपासून १९८३ साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं इथपर्यंत. मध्ये 'ब्रेथटेकिंग' आणि 'मस्ट व्हिजिट' पेरलेले. तिनं ते घडाघडा म्हणून दाखवलं. एवढी गोड बोलणारी पोर, पण एकदम रेल्वेच्या फलाटावरच्या घोषणेसारखी ऐकू येऊ लागली.

"तू पाहिलंयस अजिंठा?"

"नाही काका. आमची नववीची सहल जाणार होती. पैसे भरले नव्हते."

मी त्या परीक्षेचे नियम वाचून काढले. (निवृत्त बँकवाल्याला परिपत्रक वाचायला मिळालं की बरं वाटतं.) गुण चार गोष्टींना सारखे वाटलेले : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका नि अचूकपणा, आणि उच्चार. ठिकाण किती प्रसिद्ध आहे याला गुण नाहीत. माहिती खरी की खोटी, यालाही नाहीत. मात्र पाठ केलेलं उत्तर परीक्षक ओळखतात. त्यांना तसं शिकवलेलंच असतं.

तेव्हा आम्ही गच्चीवर तालीम सुरू केली. आधी मीच घड्याळ लावून बोलून पाहिलं. विषय तोच. कादंबरीची चार-चारशे पानं लिहिणारा मी, पन्नासाव्या सेकंदाला कोरडा पडलो. दोन मिनिटं ही केवढी लांबलचक गोष्ट आहे, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं आजच घरात करून पाहावं. ही खुर्चीवर बसून हसत होती. ती पोरगीही तोंडाला ओढणी लावून हसली, आणि तिची भीती थोडी गेली असावी.

पण माझी अडचण इंग्रजीची नव्हती. 'शिफारस' या शब्दापाशीच माझी जीभ अडली होती.

आमच्या वेळी कर्जाच्या अर्जाच्या शेवटी एक रकाना असे : शाखाधिकाऱ्याची शिफारस. वरचं सगळं कारकुनी. सातबारा, जामीनदार, मार्जिन. या रकान्यात मात्र आपलं नाव जायचं. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गानं धावू लागली. त्याच सुमारास मी तिथल्या किनाऱ्यालगतच्या एका शाखेत होतो. एका गृहस्थाला घरामागं पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या. माणूस सरळ, समुद्र हाकेच्या अंतरावर, रेल्वे आलेली. मी दोन ओळींत शिफारस लिहिली. जरा झोकात लिहिली, हे कबूल करतो. हा भाग म्हणजे उद्याचं गोवा, असं काहीतरी.

उद्या लवकर आला नाही. खोल्या झाल्या, गाद्या आल्या, पर्यटक मे महिन्याचे चार दिवस सोडले तर फिरकले नाहीत. हप्ते थकले. वरच्या कचेरीतून मला मेमो आला, शिफारस कोणत्या आधारावर केली म्हणून. त्याचं उत्तर देऊन मी मोकळा झालो, माझी बदलीही झाली. त्या गृहस्थानं माडांची अर्धी वाडी विकून कर्ज फेडलं. दहा-बारा वर्षांनी मी मुद्दाम गेलो. खोल्या भरलेल्या होत्या, दारात पुण्या-मुंबईच्या गाड्या. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सोलकढी वाढताना वाडीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. मागच्या अंगणातून पूर्वी माड दिसायचे, तिथं आता दुसऱ्याच कोणाच्या बंगल्याची भिंत होती.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, खरं सांगू? मला कासबद्दल बोलता येईल. पण मला कुणाला शिफारसच करावीशी वाटत नाही."

"मग तेच बोल."

"असं चालतं?"

"करून बघू."

आणि ती बोलू लागली. अडखळत, मध्येच मराठीत घसरत. त्यांच्याकडं पठाराला सडा म्हणतात. नुसता जांभा खडक, वर बोटभर माती. तिच्या लहानपणी वडील तिथं म्हशी चारायला न्यायचे. फुलं होती, पण फुलं बघायला म्हणून कोणी जात नसे. गवत असतं तशी फुलं होती. निळी सीतेची आसवं, गुलाबी तेरडा, आणि सात वर्षांनी एकदा सगळा सडा जांभळा करणारी टोपली कारवी. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली, त्यात कास आलं. सप्टेंबरात रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. लोक फुलांत लोळून फोटो काढायचे. मग कुंपण झालं, शुल्क आलं, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलं. आसपासच्या गावांतली पोरं शिट्ट्या घेऊन उभी राहिली, त्यांना मजुरी मिळू लागली. तिची आई रस्त्याकडेला कणसं भाजून विकते. "माझ्या नर्सिंगची निम्मी फी त्या कणसांची आहे," ती म्हणाली. "आणि आजीला छातीत दुखायला लागलं तेव्हा आमची जीप त्याच गाड्यांच्या मागं पाऊण तास उभी होती. मग मी चांगलं म्हणू की वाईट?"

मी घड्याळ पाहायचं विसरलो होतो. चार मिनिटं होऊन गेली होती.

गंमत म्हणजे व्याकरणही आपोआप सुधारलं. क्लासमध्ये 'इफ' आणि 'वुड'ची वाक्यं तिला जमत नसत. आता तिला म्हणायचंच होतं की, शिफारस करीन, पण तुम्ही रविवार सोडून आलात तर. गाडी खाली ठेवून चालत आलात तर. कणीस घेताना आईशी घासाघीस केली नाहीत तर. अट मनातच होती, मग वाक्यालाही ती घालता आली. उच्चार मात्र सातारीच राहिले. मी ते सुधारायच्या भानगडीत पडलो नाही, कारण बोलणं समजल्याशी मतलब.

ऑक्टोबरात ती पुण्याला परीक्षा देऊन आली. कार्ड अर्थातच वेगळं निघालं : पाण्याजवळच्या एखाद्या जागेचं वर्णन करा. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "काका, कासचं तळं नाही का? त्याचं पाणी साताऱ्याला येतं, म्हणजे तुम्ही रोज पिता ते. आणि आई मात्र उन्हाळ्यात झऱ्यावरनं हंडे आणायची. हे सांगितलं." नंतरच्या चर्चेत परीक्षकानं विचारलं, अशा जागी पर्यटक आल्यानं तिथल्या लोकांचा फायदा होतो का? "मग मी सुटलेच," ती म्हणाली. "त्यांनीच मला थांबवलं."

बोलण्यात सात मिळाले. काठावर, पण मिळाले. गच्चीवर पेढे वाटून झाले. हिनं तिला आपली जुनी लोकरीची शाल काढून दिली. इंग्लंडच्या थंडीत तिचा काय निभाव लागणार, देव जाणे.

त्यानंतर आठवड्यानं तिची आई आली. फुलांचा हंगाम सरला होता, सड्यावरचं दुकान मोडून शेवटची कणसं पिशवीत घालून आणलेली. बाई दारातच उकिडवी बसली, खुर्चीवर बसा म्हटलं तरी ऐकेना. पोरगी रात्रपाळीला गेलेली. बाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"सायेब, तुमी तिला शिकिवलंसा," ती म्हणाली. "तुमी लई गावं बघितल्यात. आता तुमीच सांगा, पोरीला धाडू का नगं?"

मी एक कणीस हातात घेऊन सोलायला लागलो. आतून ही म्हणाली, "चहा टाकलाय हो, त्यांना उठू देऊ नका." बाई उठली नव्हतीच. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.