चित्रकाराचे कागद

मोहन सामंत हे नाव चित्रांच्या लिलावांवर डोळा ठेवून असणाऱ्यांनाही चटकन आठवत नाही. १९२४ साली गोरेगावात जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण, चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी नातं, १९५९मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, आणि १९६८पासून २००४मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथंच मुक्काम. चित्रांच्या जोडीनं सारंगीही. एवढा ऐवज असलेला माणूस मागे का पडला? परदेशी गेला म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. पण चित्रकार रझा साठ वर्षं फ्रान्समध्ये राहूनही विसरले गेले नाहीत. रझांच्या चित्रांचा बाजारभाव आणि भारताशी त्यांनी राखलेला संबंध यांचा त्यात मोठा वाटा आहे, हे खरंच. तरीही कृष्ण खन्ना आणि इतर चित्रकार मित्रांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार जपला गेला, पुस्तकरूपानं छापला गेला, म्हणून रझांविषयी लिहिणाऱ्याला सांगोवांगीवर विसंबावं लागत नाही.

चित्रकाराचे कागद जपावेत, यावर नेहमीचा आक्षेप असा, की चित्रकाराला चित्रांतून ओळखावं, त्याच्या टपालातून नव्हे. मूळ चित्रासमोर उभं राहता येणाऱ्यांना हे म्हणणं परवडतं. सामंतांनी वाळू, प्लास्टर, कापलेला कागद, वाकवलेली तार वापरून चित्राला उंचसखलपणा दिला. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत मोबाइलवर ते पाहणाऱ्याच्या वाट्याला नुसता सपाट रंग येतो. पत्राचं तसं होत नाही. त्याची प्रत नीट काढली तर मजकूर वाशीतही तोच राहतो. हेन्री ओसावा टॅनर हा पिट्सबर्गचा कृष्णवर्णीय चित्रकार १८९१मध्ये पॅरिसला गेला आणि १९३७मध्ये तिथंच वारला. त्याचे कागद अमेरिकी कलेच्या स्मिथसोनियन अभिलेखागारात आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. देश सोडून गेलेल्याचे कागद त्या देशानं सांभाळले. आपल्याकडे हे काम बहुधा घरच्यांच्या किंवा एखाद्या झपाटलेल्या संपादकाच्या जिवावर चालतं. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकानं चित्रकार गायतोंडे मराठीत आणले, तेही असंच.

पत्रांत माणूस खोटं बोलतो, स्वतःला सजवून दाखवतो, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. म्हणून तर नुसती पत्रं पुरत नाहीत. रंगांची बिलं, प्रदर्शनांची निमंत्रणं, नकाराची उत्तरं, घरभाड्याच्या पावत्या हेही ठेवावं लागतं. पावती सहसा कुणाला खूश करायला लिहिलेली नसते. आणि घरगुती मजकुराची लाज वाटत असेल, तर तेवढं पाकीट पंचवीस-तीस वर्षं बंद ठेवायची अट घालून कागद देता येतात. अभिलेखागारांना अशा अटी नव्या नाहीत.